चाल कुणाची?

आषाढी एकादशीला आमच्या पिंप्राळ्यात विठोबाचा रथ निघतो. जळगावच्या मैत्रिणींना हे मी सांगायला नको. त्या दिवशी घरोघरी भगर शिजत असते आणि गल्लोगल्ली टाळ वाजत असतात. आमच्या गल्लीतल्या बायकांचंही एक भजनी मंडळ आहे. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, अक्षर बरं आहे, म्हणून निवेदनाच्या चिठ्ठ्या लिहायचं काम दरवर्षी माझ्याकडे येतं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शेवटचा अभंग तुकोबांचा होता आणि त्याला चाल लावली होती आमच्या शेजारच्या वहिनींनी. ती चाल तयार होताना मी रोज ऐकत होते, कारण आमची स्वयंपाकघरं भिंतीला भिंत लागून आहेत. कणीक मळताना त्या गुणगुणायच्या, अडायच्या, पुन्हा पहिल्यापासून म्हणायच्या. अंतऱ्याच्या एका ओळीपाशी तर बाई पंधरा दिवस अडून बसल्या होत्या. कुकरच्या शिट्टीतही ती ओळ मला ऐकू येई!

आणि एवढं सगळं कानांनी ऐकून मी चिठ्ठीवर काय लिहिलं असेल? ‘अभंग : संत तुकाराम. चाल : पारंपरिक.’

लिहिताना मनात काहीसुद्धा आलं नाही. घरातल्या बाईनं लावलेली चाल, तिला आणखी काय म्हणायचं? कार्यक्रम झाल्यावर परगावचे एक पेटीवाले गृहस्थ पुढं आले. “चाल फार गोड आहे हो, कुणाची?” मी चटकन म्हणाले, “जुनीच आहे, पारंपरिक.” वहिनी टाळ आवरत शेजारीच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

पुढं दिवाळीनंतर एका लग्नघरी तोच अभंग त्याच चालीत ऐकला. गाणारं मंडळ त्या गृहस्थांचं आणि ‘संगीत’ म्हणून नावही त्यांचंच. वहिनींना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “जाऊ द्या. देवाचंच आहे ते.”

मैत्रिणींनो, ते ‘जाऊ द्या’ मला फार लागलं. त्या गृहस्थांना दोष काय द्यायचा? चाल बेवारस आहे असं त्यांना लेखी सांगितलं होतं कुणी? मीच ना! त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागं लागले. बाई संगीतकार होते म्हणजे काय होते? गोड गळा तर आपल्यात पुष्कळजणींना असतो. मग एखादीचं नाव होतं, तिला त्यातून मान आणि चार पैसे मिळतात आणि बाकीच्या ‘पारंपरिक’ राहतात, हे कशामुळं?

शब्द राहिले, चाल गेली

आपल्या खानदेशात बायकांच्या गाण्यांना तोटा नाही. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईची गाणी, श्रावणात कानबाईची, पूर्वी रोज पहाटे जात्यावरची ओवी. यातली एकेक चाल कधीतरी, कुठल्यातरी बाईला पहिल्यांदा सुचली असेलच ना? आकाशातून तर पडली नाही. पण तिचं नाव आज कुणालाच माहीत नाही.

आपल्या बहिणाबाईंचं उदाहरण घ्या. १८८० साली आसोद्याला जन्म, जळगावच्या चौधरींकडे दिलेल्या. अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात गाणी सुचायची ती तोंडीच. मुलगा सोपानदेव स्वतः कवी, म्हणून ती कागदावर उतरली. बहिणाबाई १९५१ साली गेल्या आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं १९५२ साली पुस्तक निघालं. त्या वह्या झाल्या नसत्या, तर आज विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या बहिणाबाई आपल्याला ठाऊक तरी असत्या का?

पण आणखी एक पाहा. पुस्तकात शब्द आले. जात्याच्या घरघरीत त्या ज्या सुरात गायच्या तो सूर पुस्तकात कसा येणार? १९६१ च्या ‘मानिनी’ चित्रपटात त्यांच्या कविता आल्या त्या वसंत पवारांच्या चालीत. त्या चाली गोडच आहेत. पण बहिणाबाईंच्या शब्दांवर बहिणाबाईंचं नाव राहिलं, चालीवर राहिलं नाही. जे लिहून ठेवलं तेवढंच टिकलं. हा पहिला धडा.

थाळनेरच्या नाती

धुळे जिल्ह्यात शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे. ते माई मंगेशकरांचं माहेर, म्हणजे लता, मीना, आशा, उषा आणि हृदयनाथ या भावंडांचं आजोळ. आपण खानदेशच्या बायका हे अभिमानानं सांगतो. पण या घरातल्या दोघी बहिणी संगीतकारही होत्या, हे किती जणींच्या लक्षात असतं?

लताबाईंनी भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांना संगीत दिलं. ‘मोहित्यांची मंजुळा’ १९६३ चा, ‘मराठा तितुका मेळवावा’ १९६४ चा, ‘साधी माणसं’ १९६५ चा आणि ‘तांबडी माती’ १९६९ चा. पण पडद्यावर नाव होतं ‘आनंदघन’. ‘साधी माणसं’साठी उत्कृष्ट संगीत दिग्दर्शनाचं राज्य सरकारचं पारितोषिक मिळालं, तेही आनंदघनांना. गायिका म्हणून जिचं नाव साऱ्या देशाला पाठ, तिनं चाल लावताना दुसरं नाव घ्यावं! त्यांची कारणं त्यांच्यापाशी. पण मला आमच्या वहिनी आठवल्या, एवढं खरं.

धाकट्या मीनाताईंनी मात्र स्वतःचं नाव लावलं. १९६१ साली ‘माणसाला पंख असतात’ या चित्रपटाला त्यांनी संगीत दिलं. आणि पुढं त्यांनी काय केलं पाहा. लग्न झालं होतं, घरात दोन मुलं होती. त्या मुलांकडूनच, रचना आणि योगेशकडून, त्यांनी बालगीतं गाऊन घेतली. मंगेश पाडगावकरांचं भोलानाथाचं गाणं आणि राजा मंगळवेढेकरांचं चॉकलेटच्या बंगल्याचं गाणं म्हटलं नाही असं मराठी मूल सापडणार नाही. त्या चाली मीना खडीकरांच्या. मुलांना भरवता-झोपवताना गाणी आपणही म्हणतोच. मीनाताईंनी तेच काम चोख बसवलं, मुद्रित केलं आणि खाली नाव घातलं.

आईच्या दुखण्यातून

आता पुण्याची एक गोष्ट सांगते. १९४० च्या सुमाराची. इंदिराबाई अत्रे नावाच्या गृहिणीला बरं वाटत नव्हतं. कुणीतरी सुचवलं, गाणं शिका, मनाला उभारी येईल. म्हणून त्यांनी घरी शिकवणी लावली. ती शिकवणी काही फार दिवस चालली नाही. पण शेजारी बसून ऐकणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीच्या कानात ते सूर राहिले. ती मुलगी म्हणजे प्रभा अत्रे.

प्रभाताईंचा जन्म १३ सप्टेंबर १९३२ चा. पुढं किराणा घराण्याचे सुरेशबाबू माने आणि त्यांच्या भगिनी हिराबाई बडोदेकर यांच्याकडे त्या शिकल्या. हिराबाई म्हणजे कोण? बायकांनी तिकीट लावून चारचौघांत गाणं हेच लोकांना रुचत नव्हतं, त्या काळात ज्यांनी जाहीर मैफली करून गाणाऱ्या बाईला समाजात मान मिळवून दिला त्या. अशा गुरू मिळणं हे भाग्यच. पण प्रभाताई नुसत्या भाग्यावर बसल्या नाहीत. फर्ग्युसनमधून विज्ञानाची पदवी घेतली, मग कायद्याची घेतली. सुरुवातीला संगीत नाटकांतून कामं केली. आकाशवाणीत सहाय्यक निर्माती म्हणून नोकरी केली. सरगम या विषयावर प्रबंध लिहून डॉक्टर झाल्या. १९७९ ते १९९२ मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख होत्या.

हे सगळं सांगते, कारण आपल्याला वाटतं की मोठे कलावंत नुसतं गाऊन मोठे होतात. तसं नसतं. प्रभाताईंचं घर मैफलीच्या एका खांबावर उभं नव्हतं. नोकरी, शिकवणं, लिहिणं, मैफल असे चार खांब होते. म्हणून तर मैफलीत मनासारखं गाता आलं. गाण्यावर जगणाऱ्या बहुतेकांचं आजही असंच असतं. शिकवणीचे पैसे दर महिन्याला येतात, कार्यक्रमाचे आले तर आले. त्यात कमीपणा कसला?

आणि चालींचं काय? मैफलीत बहुतेक गवई गुरूकडून मिळालेल्या जुन्या बंदिशी गातात. प्रभाताईंनी स्वतःच्या बांधल्या. मारुबिहाग आणि कलावती रागांतल्या त्यांच्या ज्या ध्वनिमुद्रिकेनं घराघरांत नाव पोचवलं, त्यातल्या बंदिशी त्यांच्याच. अपूर्व कल्याण, पटदीप-मल्हार असे नवे रागही त्यांनी बांधले. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ‘स्वरांगिनी’ आणि ‘स्वररंजनी’ या पुस्तकांतून आपल्या शेकडो रचना त्यांनी छापून ठेवल्या. उद्या कुणी त्या गाईल, तर ‘पारंपरिक’ म्हणायची सोयच नाही.

१९९० साली पद्मश्री, २००२ साली पद्मभूषण, २०२२ साली पद्मविभूषण असे तिन्ही मान त्यांना मिळाले. १३ जानेवारी २०२४ रोजी, एक्याण्णवाव्या वर्षी त्या गेल्या, तोवर त्यांचं गाणं थांबलं नव्हतं. त्यांनी लग्न केलं नव्हतं, हेही सांगायला हवं. तेव्हा ‘त्यांना जमलं, आम्हाला कुठलं?’ असं तुम्ही म्हणाल. म्हणून तर आधी मीनाताईंची गोष्ट सांगितली. दोघींचे संसार वेगळे, पण रीत एकच होती : नीट शिकायचं, नेमानं करायचं आणि नावानिशी करायचं.

मग आपण काय करायचं?

आपल्याला कुणाला पद्मविभूषण नको आहे. पण सूर लागतो, चाल सुचते आणि ती वाऱ्यावर जाऊ नये असं वाटतं, त्या मैत्रिणींसाठी मी गोळा केलेल्या चार गोष्टी सांगते.

शिक्षण. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्या परंपरेतलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद ते अलंकारपर्यंत परीक्षा घेतं. पस्तिशीत प्रारंभिकला बसायची लाज वाटून घेऊ नका. परीक्षेनं गळा येत नाही, पण आपल्याला सुचलेलं कुठल्या स्वरात, कुठल्या तालात आहे ते कळतं. विशारद झाल्यावर शिकवणी घेणंही सोपं जातं. पहिला खांब तिथं उभा राहतो.

रियाज. रोज दोन तास कुणा गृहिणीला मिळणार? पण मुलं शाळेत गेल्यावरचा अर्धा तास मिळतो. तो ठरलेला हवा. घरात सगळ्यांना माहीत हवा. ‘आई आता गातेय’ हे मुलांना एकदा समजलं की ती दार लोटून घेतात, हे मी वहिनींच्या घरी पाहिलं आहे. रविवारी तीन तास गायचं आणि सहा दिवस सुट्टी, यानं गळा तयार होत नाही.

वही. ही माझी सगळ्यात आवडती युक्ती, बाईमाणसाला परवडणारी. पहिली-दुसरीच्या मुलांची चौकटीची गणिताची वही आणा. एक चौकट म्हणजे एक मात्रा. केरवा असेल तर आठ चौकटींची ओळ, दादरा असेल तर सहा. वरच्या चौकटीत स्वर लिहायचा, खालच्या चौकटीत शब्दाचं अक्षर. पं. भातखंड्यांच्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ देतात, तीव्र मध्यमावर उभी रेघ, खालच्या सप्तकातल्या स्वराखाली टिंब आणि वरच्या सप्तकातल्या स्वरावर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. एवढ्या खुणांत आपलं बहुतेक सगळं मावतं. पानाच्या डोक्यावर तारीख आणि पूर्ण नाव घाला. शिवाय मोबाईलमध्ये गाऊन ठेवा. आधी नाव आणि तारीख बोलायची, मग गायचं.

या वहीला कायद्यातही मोल आहे बरं का. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सुरुवातीला कागदावर उतरलेल्या संगीतालाच संगीतकृती म्हटलं होतं. नुसत्या गळ्यातल्या चालीला त्यात जागाच नव्हती. म्हणजे जात्यावरच्या बाईला तर नाहीच! १९९४ च्या दुरुस्तीनं ती अट गेली. आज चाल तयार झाली की हक्क आपोआप लावणाऱ्याचा होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण उद्या वाद निघाला तर पुरावा लागतो. तिथं वही आणि मुद्रण कामाला येतं. हा हक्क संगीतकाराच्या हयातीनंतरही साठ वर्षं राहतो, म्हणजे मुलानातवंडांपर्यंत. संतांच्या अभंगांवर कुणाची मालकी नाही, तेव्हा त्यांना चाल लावायला परवानगी नको. हयात कवीची कविता घेतली, तर त्यांना विचारायला हवं. आपल्याला मान हवा तर दुसऱ्याचाही राखायला नको का?

व्यवहार. कुणी तुमची चाल ध्वनिमुद्रित करतो म्हणाला, तर आनंदात कुठंही सही करू नका. कागद घरी आणा, चार वेळा वाचा, जाणत्याला दाखवा. २०१२ च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायम ठेवला आहे. सगळं लिहून दिलं तरी तो सहसा जात नाही. असा वाटा गोळा करून सभासदांना देणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही संस्था १९६९ पासून आहे. आकाशवाणीवर गायचं तर ऑडिशन द्यावी लागते आणि बी, बी-हाय, ए, टॉप अशा श्रेणी मिळतात. आपल्याला जळगावातच केंद्र आहे, तेव्हा घोषणेकडे कान ठेवा.

आणि मानधन विचारायला शिका. आपल्याकडे गंमत असते. कार्यक्रम झाला की तबलजीला पाकीट, पेटीवाल्याला पाकीट आणि गाणाऱ्या बाईला नारळ नि ब्लाउजपीस! ‘तुम्ही काय, घरच्याच.’ देवळात सेवा म्हणून गायलं तर नारळ प्रसाद म्हणून डोळ्याला लावावा. पण जिथं मांडववाल्याचे पैसे दिले जातात, तिथं गाण्याचेही दिले जावेत. पहिल्यांदा बोलताना जीभ अडखळते. दुसऱ्यांदा कमी अडखळते.

चिठ्ठी

हे सगळं वाचून, विचारून झाल्यावर मी चौकटीची वही घेऊन वहिनींकडे गेले. आधी माझी चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, “अहो, मलाच कुठं वाटलं होतं ती माझी म्हणून?” मग आम्ही दोघी बसलो. मला गाणं येत नाही, पण मात्रा मोजता येतात. त्या गायच्या, स्वर सांगायच्या, मी चौकटी भरायची. एक अभंग लिहायला तीन दुपारी लागल्या. आता त्या वहीत नऊ चाली आहेत. वहिनींनी प्रारंभिकचा अर्ज भरला, संध्याकाळी गल्लीतल्या पाच मुली त्यांच्याकडे शिकायला येतात आणि महिन्याची फी देतात.

ती पहिली चाल मात्र परत आली नाही. त्या गृहस्थांना आम्ही फोन केला होता. ते म्हणाले, “तुम्हीच तर पारंपरिक म्हणालात.” यावर मी काय बोलणार? ते माझ्या हातून झालं आणि त्याची भरपाई मला करता येणार नाही.

गेल्या आषाढीला चिठ्ठ्या पुन्हा माझ्याकडेच होत्या. नव्या अभंगाची चिठ्ठी लिहायला घेतली आणि विचारलं, “नाव कसं लिहू?” वहिनी घुटमळल्या. आत सासूबाई बसल्या होत्या. त्या काय म्हणतील हीच काळजी. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या आतूनच म्हणाल्या, “लिही ना माय, पूर्ण नाव लिही. रोज पहाटे ऐकते मी तिचं.”

मी लिहिलं. ‘अभंग : संत तुकाराम. चाल :’ आणि पुढं तिचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव. माइकवरून ते वाचताना माझाच आवाज जरा कापला.

तर मैत्रिणींनो, तुमच्या मंडळाच्या, शाळेच्या, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाची चिठ्ठी तुमच्या हातात आली, तर ‘पारंपरिक’ हा शब्द लिहिण्याआधी जरा थांबा. स्वयंपाकघराकडे तोंड करून एकदा विचारा, “अगं, ही चाल कुणाची?”